हान्स आस्पर्गर : नावामागचा माणूस

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉम)

‘माय नेम इज खान’ तुम्ही पाहिला असेलच. 2010 साली तो आला तेव्हा आपण बालवाडीत होतो, पण टीव्हीवर तो इतक्यांदा लागतो की सुटका नाही. त्यातला रिझवान खान भेटेल त्याला सांगतो, मला अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम आहे. आपल्याकडे बऱ्याच जणांनी हा शब्द पहिल्यांदा तिथेच ऐकला. अ‍ॅस्पर्जर हे एका डॉक्टरचं आडनाव आहे. इंग्रजीत अ‍ॅस्पर्जर म्हणतात, पण तो जर्मन बोलणारा माणूस आणि जर्मनमध्ये तो ‘ग’ कडक असतो, म्हणून मी आस्पर्गर असंच लिहिणार आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा बाकीचं शुद्धलेखन संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.)

या माणसाबद्दल मी वाचायला लागले ते आत्यामुळे. आत्या यवतला असते. सोलापूर हायवेवरचं आमचं गाव, दौंड तालुका. तिचा धाकटा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. पुण्यात एका डॉक्टरांनी त्याच्या फाईलवर अ‍ॅस्पर्जर लिहिलं, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल 1. घरात एकच गोंधळ, पोराला एक आजार आहे की दोन? आत्याने फोन करून मला सांगितलं, तू इंजिनिअर होतेस ना, मग बघ जरा नेटवर. इंजिनिअरला सगळं येतं हा समज यवतलाही आहेच.

तर हान्स आस्पर्गर. जन्म 18 फेब्रुवारी 1906, व्हिएन्ना. लहानपणी हा स्वतःच थोडा एकलकोंडा होता असं सांगतात. ग्रिलपार्झर नावाच्या ऑस्ट्रियन कवीचा त्याला भारी नाद, आणि वर्गातल्या मुलांना ऐकायचं असो-नसो, हा त्याच्या कविता ऐकवत बसायचा. पुढे कॅथलिक तरुणांच्या एका संघटनेत गेला, त्यांच्याबरोबर डोंगर चढला. व्हिएन्ना विद्यापीठातून 1931 साली डॉक्टर झाला आणि तिथल्याच मुलांच्या हॉस्पिटलात लागला. तिथले प्रमुख फ्रान्झ हॅम्बुर्गर पुढे कट्टर नाझी निघाले. हे नाव लक्षात ठेवा, कारण आस्पर्गरची नोकरी, बढती सगळी त्यांच्याच हातात होती.

या हॉस्पिटलात एक वेगळाच वॉर्ड होता. एर्विन लाझार नावाच्या डॉक्टरांनी 1911 साली तो सुरू केला होता. शाळेला, घराला, शेजाऱ्यांना नकोशी झालेली मुलं तिथे आणायची आणि काही आठवडे ठेवून घ्यायची. तासाभराची परीक्षा घेऊन निकाल लावायचा नाही. त्यांच्यात राहायचं, खेळायचं, गाणी, नाटक, अभ्यास, आणि ते पोर काय करतं ते बघायचं. व्हिक्टोरिन झाक नावाच्या एक सिस्टर तिथे होत्या, बऱ्याच गोष्टी खरं तर त्यांनीच चालवल्या. गेओर्ग फ्रँकल आणि अ‍ॅनी वाइस हे दोन ज्यू सहकारीही होते, आणि अशा मुलांबद्दल ते आस्पर्गरच्या आधीपासून लिहीत होते. 1935 साली आस्पर्गर या वॉर्डचा प्रमुख झाला. वय 29!

1944 साली त्याचा मोठा निबंध छापून आला. त्यात चार मुलगे आहेत : फ्रिट्झ, हारो, एर्न्स्ट आणि हेल्मुट. मी इंग्रजी भाषांतर वाचलं आणि फ्रिट्झपाशीच थांबले. हा मुलगा चालायला लागायच्या आधी बोलायला लागला, आणि बोलायला लागला तो थेट मोठ्या माणसासारखा. नजरेला नजर नाही, दुसऱ्या मुलांत खेळणं नाही. बालवाडीतून थोड्या दिवसांत काढला, शाळेतून तर पहिल्याच दिवशी. पण आकड्यांच्या बाबतीत अफाट. अपूर्णांक, शून्याच्या खालच्या संख्या, कोणी न शिकवता त्याने स्वतःच शोधून काढल्या होत्या.

आमचा हिरोही तसाच आहे. यवतमध्ये राहून हा बोलतो मात्र टीव्हीवरच्या बातम्यांसारखं. आईला म्हणतो, मला आत्ता भोजन नको. गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव बातम्या ठेवलंय. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम यवतला असतो, गावजेवण पिठलं-भाकरीचं, आणि त्या गर्दीत, स्पीकरच्या आवाजात हा दोन्ही कानांवर हात ठेवून घराच्या ओट्यावर बसतो. पण रथापुढे कितव्या नंबरची दिंडी कोणत्या गावची आणि रथामागे कोणती, हे त्याला विचारा. गेल्या दोन वर्षांतला क्रमही सांगेल. पिठलं भाकरीला लागलं तर मात्र जेवणार नाही, दोन्ही वेगळ्या ताटल्यांत पाहिजे. गावात कोणी म्हणालं बाहेरची बाधा, कोणी म्हणालं लाडावलाय, शाळेतल्या बाईंना तो उद्धट वाटायचा. मार्क चांगले, बोलणं फाडफाड, मग दवाखान्यात न्यायचं तरी कशासाठी? म्हणून तर नऊ वर्षं गेली.

निबंधातला दुसरा मुलगा हारो, साडेआठ वर्षांचा. मारामाऱ्या करतो, वर्गात हातापायांवर रांगतो म्हणून शाळेने पाठवलेला. त्याला विचारलं 47 वजा 15 किती. उत्तर बरोबर दिलं, 32, पण रीत त्याची स्वतःची. दोन्हीकडे 3 मिळवले की होतात 50 वजा 18. नाहीतर आधी 7 काढा, मग 8. शाळेत शिकवलेली रीत त्याला जमायचीच नाही, आणि स्वतःच्या रीतीने कधी अडकला की गणित चुकायचंही. आस्पर्गरने हे सगळं लिहून ठेवलंय, बरोबर आलेलं आणि चुकलेलं दोन्ही. मला त्याचा हा भाग आवडतो. मुलाचं उत्तर बरोबर की चूक एवढ्यावर तो थांबत नाही, ते उत्तर आलं कुठून हे शोधत बसतो. आपल्या ओरल्सना कोणी असं केलं असतं तर!

त्याने असंही लिहिलं की हीच मुलं मोठी होऊन आपल्या नादाच्या विषयात फार पुढे जाऊ शकतात. एका मुलाला तो जवळजवळ तीस वर्षं बघत आला होता. त्या मुलाने कॉलेजला गेल्यावर न्यूटनच्या एका सिद्धतेतली चूक काढली, आणि पुढे तो खगोलशास्त्राचा प्राध्यापक झाला. आणखी एक निरीक्षण म्हणजे या मुलांच्या आईवडिलांत, खासकरून वडिलांत, तेच स्वभाव थोड्या प्रमाणात दिसतात.

हे वाचून मला हसू आलं, कारण पुण्यात नेमकं तेच घडलं. आत्या आणि मामा (आत्याचे मिस्टर, आमच्याकडे त्यांना मामाच म्हणतात) सकाळच्या दौंड-पुणे गाडीने पोराला घेऊन जायचे. आधी कानाची तपासणी झाली, कारण हाक मारली की तो वळत नाही. मग मुलांच्या वाढीच्या तज्ज्ञ डॉक्टर, मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. तीन फेऱ्या. पोराशी खेळून, बोलून झालं, पण जास्त वेळ गेला तो आईवडिलांच्या मुलाखतीत. पहिला शब्द कधी, बोट दाखवून वस्तू मागायचा का, खोटं खोटं खेळायचा का, ठरलेली गोष्ट बदलली की काय करतो. शाळेकडूनही एक फॉर्म भरून आणायला सांगितला. प्रश्न चालू असताना मामा एकदम म्हणाले की हे सगळं मी पण करतो. आणि खरंच, मामांच्या कपाटात मागच्या पंधरा वर्षांच्या ऊसतोडीच्या पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या आहेत, आणि लग्नकार्यात ते मांडवामागे उभे असतात. मामांना चाळीस वर्षांत कोणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं. आत्या मात्र त्या दिवशी रडली, कारण तोवर तिला वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकलं, मोबाईल दिला, शेतावर जाताना पोराला एकटं ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं की हे मुख्यतः आनुवंशिक असतं, वाढवण्यातल्या चुकीने होत नाही, आणि हे बरं करायचं असं औषधही नाही. ऑक्युपेशनल थेरपी असते, बोलण्या-वागण्याची थेरपी असते, शाळेत थोडं सांभाळून घेणं असतं.

आईला दोषी धरायची पद्धत गावाकडचीच नाही बरं का. 1950 आणि 60 च्या दशकात अमेरिकेतले मोठमोठे तज्ज्ञ सांगत की आईच्या थंडपणामुळे मुलं अशी होतात. ब्रूनो बेटेलहाइम हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध, तोही मूळचा व्हिएन्नाचाच. आस्पर्गर निदान त्या वाटेला गेला नाही. मुलींच्या बाबतीत मात्र तो कमी पडला. त्याला हे जवळपास मुलग्यांतच दिसलं, आणि पुढे कित्येक वर्षं डॉक्टरांना मुलींमध्ये ते ओळखताच आलं नाही.

शोधाचं सगळं श्रेय त्याला द्यायचं म्हटलं तर तेही कठीण आहे. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी अशाच सहा मुलांचं वर्णन 1926 साली जर्मन भाषेतल्याच नियतकालिकात छापलं होतं. अमेरिकेत लिओ कॅनरचा 11 मुलांवरचा प्रसिद्ध लेख 1943 चा. आणि कॅनरकडे तेव्हा काम करत होता कोण? व्हिएन्नाच्या त्या वॉर्डमधला फ्रँकल. तो आणि अ‍ॅनी वाइस दोघंही 1938 च्या आत देश सोडून गेले होते.

आता 1938. मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घेतला. व्हिएन्नातले निम्म्याहून जास्त डॉक्टर ज्यू होते, त्यांची कामं गेली, पुढे अनेकांचे जीवही गेले. आस्पर्गर नाझी पक्षाचा सभासद कधीच झाला नाही, हे खरं. पण पक्षाशी जोडलेल्या बऱ्याच संघटनांत तो गेला आणि नव्या राजवटीत त्याची जागा पक्की झाली. जुलै 1940 मध्ये व्हिएन्नात श्पीगेलग्रुंड नावाचं मुलांचं हॉस्पिटल सुरू झालं. नाव हॉस्पिटल, पण जी मुलं राजवटीला निरुपयोगी वाटत ती तिथे मारली जात. झोपेच्या औषधाचे डोस देत राहायचे, मग पोर अंथरुणाला खिळून न्यूमोनियाने जायचं, आणि सर्टिफिकेटवर न्यूमोनिया. 1945 पर्यंत तिथे 789 मुलं मेली.

हेर्टा नावाची मुलगी होती, तीनही वर्षं पूर्ण नव्हती. मेंदूच्या तापानंतर तिची वाढ थांबली होती. 27 जून 1941 ला आस्पर्गरने तिला तपासलं आणि लिहिलं की घरी बाकीची निरोगी मुलं सांभाळणाऱ्या आईला हिचा भार असह्य होणार, तेव्हा हिला कायमचं श्पीगेलग्रुंडमध्ये ठेवणं अगदी आवश्यक वाटतं. 1 जुलैला तिला तिथे भरती केलं. 2 सप्टेंबरला ती गेली. तिसऱ्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. कारण न्यूमोनिया.

ती एकटी नव्हती. 1942 मध्ये गुगिंगच्या संस्थेतल्या 200 हून जास्त मुलांची वर्गवारी करायला एक समिती बसली, त्यात आस्पर्गर होता. त्यातली 35 मुलं शिकवण्यालायक नाहीत असं ठरलं, आणि ती श्पीगेलग्रुंडला जाऊन मेली.

हे सगळं जगासमोर सविस्तर आलं ते 2018 साली. हेर्विग चेक या व्हिएन्नाच्या इतिहासकाराने वॉर्डची जुनी कागदपत्रं काढून मोठा लेख लिहिला, आणि त्याच वर्षी ईडिथ शेफर यांचं पुस्तक आलं. त्याआधी आस्पर्गरची ख्याती उलटी होती. नाझींपासून मुलांना वाचवणारा डॉक्टर, गेस्टापो दोनदा पकडायला आले होते वगैरे. ही गेस्टापोची गोष्ट मुख्यतः त्याने स्वतःच युद्धानंतर सांगितलेली, आणि चेकना तिला कागदोपत्री पुरावा सापडला नाही. श्पीगेलग्रुंडमध्ये काय चालतं हे त्याला नक्की किती ठाऊक होतं, यावर अजून वाद आहेत. व्हिएन्नात तोपर्यंत लोकांत कुजबुज होती, आईबाप त्या इमारतीबाहेर येऊन निषेध करत होते. तिथल्या मुलांच्या डॉक्टरला हे माहीत नव्हतं, हे मला तरी पटत नाही.

काही जण म्हणतात की मुलांच्या हुशारीवर त्याने एवढा भर दिला तोच मुळी त्यांना वाचवण्यासाठी, ही मुलं देशाच्या उपयोगाची आहेत हे दाखवायला. असेलही. पण मग त्याच मापाने हेर्टा उपयोगाची नव्हती. फ्रिट्झच्या गणितावर पानंच्या पानं लिहिणाऱ्या माणसाने हेर्टावर थोड्याच ओळी लिहिल्या. मी आत्याला हा भाग फोनवर सांगितला नाही, दिवाळीच्या सुट्टीत यवतला गेल्यावर सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, तिच्या आईला ठाऊक होतं का गं?

आस्पर्गर पुढे सैन्यात डॉक्टर म्हणून क्रोएशियात गेला. तो तिकडे असताना 1944 मध्ये त्याच्या वॉर्डवर बॉम्ब पडला आणि सिस्टर व्हिक्टोरिन त्यात गेल्या. युद्धानंतर त्याला कोणी काही विचारलं नाही. 1957 मध्ये इन्सब्रुकला प्रमुख, 1962 मध्ये परत व्हिएन्नाला, त्याच मुलांच्या हॉस्पिटलात हॅम्बुर्गरच्या जुन्या खुर्चीवर. पाच मुलांचा बाप, मुलांवर जीव असलेला, शांत बोलणारा म्हणून विद्यार्थी त्याला मानत. 1977 मध्ये निवृत्त, 21 ऑक्टोबर 1980 रोजी मृत्यू. जर्मन भाषेच्या बाहेर त्याला तेव्हा जवळजवळ कोणी ओळखत नव्हतं.

ओळख झाली ती लोर्ना विंगमुळे. या लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ, आणि त्यांची मुलगी सूझी स्वतः ऑटिस्टिक. डॉक्टर असूनही आपल्या पोरीला काय झालंय हे कळायला त्यांनाही वेळ लागला होता, म्हणून इतर पालकांबरोबर त्यांनी 1962 साली संस्था काढली. (आपल्याकडेही तसंच झालं. दिल्लीची अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम 1991 साली मेरी बरुआ या एका आईने सुरू केली, आणि मुंबईचा फोरम फॉर ऑटिझम पालकांचाच.) विंगबाईंना असे अनेक जण भेटत होते ज्यांना बोलता येतं, बुद्धी चांगली आहे, म्हणून कोणीच ऑटिझम म्हणायला तयार नाही आणि मदतही मिळत नाही. 1981 साली त्यांनी 34 जणांवर लेख लिहिला आणि या प्रकाराला आस्पर्गरचं नाव दिलं. हे बघायला तो चार-पाच महिने कमी पडला. 1991 मध्ये उटा फ्रिथ यांनी त्याच्या निबंधाचं इंग्रजी भाषांतर केलं, 1994 मध्ये अमेरिकेच्या डीएसएम-4 या पुस्तकात हे निदान अधिकृतपणे आलं.

आणि 2013 मध्ये गेलं. नाझी प्रकरणामुळे नाही, ते पाच वर्षांनंतरचं. कारण साधं होतं. एकाच मुलाला एका क्लिनिकमध्ये अ‍ॅस्पर्जर म्हणत, दुसऱ्यात ऑटिझम, म्हणजे मूल तेच आणि नाव डॉक्टर बदलेल तसं. आत्याच्या फाईलमध्ये झालं तेच! म्हणून डीएसएम-5 ने सगळं ऑटिझम स्पेक्ट्रम या एका नावाखाली आणलं, आणि मदत किती लागते त्यावरून तीन लेव्हल केल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्येही अ‍ॅस्पर्जर हे वेगळं निदान नाही. जुन्या सवयीचे डॉक्टर अजून लिहितात, आणि परदेशात बरेच मोठे लोक स्वतःला आवडीने ‘अ‍ॅस्पी’ म्हणवतात. 2018 नंतर त्यांच्यातल्या काहींनी ते टाकून दिलं, काहींनी ठेवलं.

भारताच्या कायद्यात हे नाव कधी आलंच नाही. 1995 च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हता, 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आला, आणि 2016 च्या कायद्याने 21 प्रकारांच्या यादीत ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर घातलं. मराठी कागदांवर त्याला स्वमग्नता म्हणतात. सर्टिफिकेटसाठी सरकारी बोर्ड इसा नावाची मोजपट्टी लावतं. त्यात 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5, आणि बेरीज 70 किंवा जास्त झाली तर स्वमग्नता. 40 टक्के किंवा जास्त भरलं की दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि पुढे सरकारी, अनुदानित कॉलेजांत त्या कायद्याखालच्या किमान 5 टक्के राखीव जागा. म्हणजे आपल्या इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनलाही.

मामांना सर्टिफिकेट काढायचं नाहीये. पोरावर शिक्का बसेल, पुढे लग्नात अडचण येईल असं ते म्हणतात. आत्याचं म्हणणं, शिक्का गल्लीत बसलाच आहे, बातम्या म्हणून, निदान हा कागद परीक्षेला तरी कामाला येईल. मी आत्याच्या बाजूने आहे, पण मला कोणी विचारलेलं नाही. सध्या तरी फाईल तिने शाळेच्या बाईंना दाखवली. बाईंनी त्याला खिडकीजवळून उठवून पहिल्या बाकावर, भिंतीच्या बाजूला बसवलं, आणि वेळापत्रक बदलणार असेल तर त्याला आदल्या दिवशी सांगतात. त्यामुळे वर्गातला आरडाओरडा कमी झालाय. दिंड्यांचे नंबर मात्र तो मधल्या सुट्टीत अजून ऐकवतो, आणि दोन मुलं आता ऐकायला बसतात.